सिरीजमधला दिवा

तपकीर गल्लीच्या पाठीमागे
जिथे ऊन बारा ते सव्वाबारा एवढंच येतं
तिथे माझं टेबल.
विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी
धायरीहून प्रज्योत भिलारे टेम्पो घेऊन आला.
आठ टॉप, आठही मुके.
त्याचाही घसा बसलेला.

म्हणाला, कंपनीनं फसवलं काका, माल हलका.
मी बोललो नाही.
एका हॉर्नचा डायफ्रॅम काढून त्याच्या नाकाशी धरला.
पातेल्याला लागलेल्या दुधाचा वास,
त्यात जरा वार्निश.

कॉइल म्हणजे काय, तर केसासारखी तार
चुंबकाच्या फटीत उभी.
फट केवढी? दोन पोस्टकार्डं जेमतेम जातील.
तेवढ्यात ती आत-बाहेर करते, सेकंदाला हजारदा,
आणि हलते तोवरच तिला वारा मिळतो.

तू पाचशेच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे हजार मागितलेस.
त्याला नाही म्हणता येत नाही.
तो लाटेचा माथा छाटून देतो.
छाटलेल्या पठारावर कॉइल नुसती उभी राहते,
हलत नाही, तापते.

लाल दिवा लागत नव्हता?
लागत होता की.
मग?
मग त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली,
पोरं सारखी विचारायची, काय झालं, काय झालं.

हसू आलं. आवरलं.
आठ गुणिले अठराशे, वर मजुरी,
त्याच्या बापानं पतपेढीतून उचललेले पैसे.

नझीरभाई बागवानांनी मला हे काम शिकवलं.
कॉइल फटीच्या मध्यावर बसवायला
फिल्मच्या पट्ट्या लागतात, एकसारख्या जाडीच्या.
शेवटच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या छातीचा एक्सरे आणून दिला.
डॉक्टरला बघायचं होतं ते बघून झालं,
वाया कशाला घालवायचा, म्हणाले.
अजून पुरतोय.
गोंद वाळला की पट्ट्या ओढून काढतो,
कधी बरगडीचा तुकडा हाती येतो, कधी नुसता काळोख.

त्यांचीच युक्ती:
हॉर्नच्या वाटेत एक दिवा घालायचा, गाडीच्या मागच्या बाजूचा,
बाजीराव रोडला पंधरा रुपयांना मिळतो.
आवाज बेताचा असला की तार थंड,
सगळं जाऊ देते, असून नसल्यासारखी.
जास्त आलं की स्वतः तापते,
वाट आवळते,
वरचं आपल्या अंगावर घेते. पेटते.

आठही खोक्यांत आठ दिवे घातले.
पेन्सिल सेल टेकवून एकेक तपासला.
खट्.
ते खट् मी बोटानं ऐकतो.
वरचे सूर कधी गेले ते साल आठवत नाही.
कुकरची शिट्टी मालन सांगते तेव्हा कळते,
पाकोळ्या तर थेट मुक्याच उडतात.
पस्तीस वर्षं पोरांच्या भिंतींसमोर उभा राहून
तपासलं, झालं का, वाढव, अजून वाढव.
माझ्या वाटेत पंधरा रुपयांचा दिवा घालायचं
कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

प्रज्योतनं निम्मे पैसे दिले, निम्मे दिवाळीनंतर.
चिकटपट्टी काढ, एवढंच बजावलं.

परवा रात्री साडेनऊला फोन.
नांदेड फाट्याला कुणाची तरी हळद.
काका, खोक्याच्या भोकातून उजेड येतोय!
मग?
मग कमी केला.
किती?
उजेड जाईपर्यंत.
नवरदेवाचा मामा भांडायला आला होता.
पण शेवटच्या बाकावरची माणसं आता एकमेकांशी बोलतायत,
काय बोलतायत तेही ऐकू येतंय.

थांबा, तुम्हाला ऐकवतो, म्हणाला,
आणि फोन स्पीकरकडे धरला असणार.
मला खालचा ठेका आला, कापसात गुंडाळल्यासारखा.
त्यावर काय वाजत होतं, झांज होती का, सनई,
देव जाणे.

क्लिअर आहे ना काका? वरचं सगळं येतंय ना?

येतंय, म्हणालो.