बोटभर उघडी खिडकी

बाहेर उणे तेवीस.
केमीची खाडी डिसेंबरातच गोठली.
मी खिडकी बोटभर उघडून
प्रोसेसरचं डोकं पुसत बसले आहे.
जुन्या लेपाची खपली झालीय,
स्पिरिटच्या बोळ्याला करडा डाग लागतो.
वाटाण्याएवढा नवा लेप, वर पंखा, चार स्क्रू,
समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने आवळायचे.
हे मला आर्वोने फोनवरून शिकवलं.
तो तांपेरेला जाऊन दोन वर्षं झाली.
मशीन त्याचं. तो गेला, हे राहिलं,
बाजूला चिकटवलेल्या कोल्ह्याच्या चित्रासकट.

गुरुवारी रात्री नऊला आम्ही खेळतो.
तो पुढे, मी मागे.
दलदल ओलांडताना माझं चित्र अडखळतं,
झाडं तुकड्यातुकड्याने उगवतात,
भालेवाला तीन उड्यांत अंगावर येतो,
मधलं धावणं मला दिसतच नाही.
कार्ड बरं आहे, मेमरी पुरते.
घोडं पेंड खातं ते प्रोसेसरपाशी.

नवा घे, आर्वो म्हणतो.
विजेच्या बिलामागे मी बेरीज मांडली.
नवा जुन्या मदरबोर्डवर बसत नाही, म्हणजे तोही नवा;
त्याला जुनी मेमरी चालत नाही, म्हणजे तीही.
नाकापेक्षा मोती जड.
सहाशे चाळीस युरो,
म्हणजे वृद्धाश्रमातल्या सात रात्रपाळ्या,
सात वेळा पहाटे चारला
पेन्त्तिनेनबाईंची चादर बदलणं.

बाबा म्हणतात, आहे त्यालाच रेट.
सत्तावीस वर्षं त्यांनी कागदाच्या गिरणीत
तीन नंबरचं मशीन चालवलं.
पाटीवर होतं मिनिटाला नऊशे मीटर,
आम्ही अकराशे काढायचो.
पाटी काय, घाबरट माणसाने लिहिलेली असते.
मग जरा थांबून:
बेअरिंग मात्र आधी गातं.
ते कानावर आलं की हात आखडायचा.
रौनीला ते ऐकू आलं नाही, म्हणतात,
आणि कॉफी ढवळत राहतात,
साखर न घालताच.

मंगळवारी रात्री बसले.
चार पूर्णांक दोनवरून थेट चार पूर्णांक सहा,
व्होल्टेज वाढवून. उसनं अवसान.
चाचणी लावली. त्र्याहत्तर अंश, एक्क्याऐंशी, नव्वद.
पंखा घसा खरवडून ओरडू लागला.
खिडकीतून सुया येत होत्या
आणि तरी ते तापाने फणफणलेलं.
मी कान लावला, बाबांसारखा.
गाणंबिणं काही नाही,
सरळ निळा पडदा.
पुन्हा चालू होईपर्यंत
मी कोल्ह्याच्या शेपटीचा सुटलेला कोपरा दाबत होते.

चार पूर्णांक चारवर टिकलं.
रात्रभर टिकलं, सकाळी मी कामावरून आले
तेव्हाही चाचणी चालूच होती.

गुरुवारी झाडं अखंड उगवली.
भालेवाला धावताना दिसला,
एका पायाने किंचित लंगडतो तो,
मला माहीतच नव्हतं.
पुलाशी आम्ही जवळजवळ बरोबर पोचलो.
आज लवकर आलीस, आर्वो म्हणाला,
आणि थेट पूल ओलांडायला लागला.

एरवी तो तिथे थांबायचा.
थांबला की बोलायचा:
खोलीच्या मोरीला वास येतो,
ईनाशी भांडण झालं, मिटलं,
सूपमध्ये बडीशेप किती घालायची, आई?
एकदा तर पुलाच्या कठड्यावर बसवून ठेवलं होतं त्याने
आपल्या शिलेदाराला, पाय खाली सोडून,
आणि मी दलदलीत अडकून ऐकत होते.

काल पावणेदहालाच किल्ला पडला.
भारी खेळलीस, म्हणाला. गेला.

आता सेटिंगचा पडदा उघडून बसलेय.
चार पूर्णांक चारवर चौकोन लुकलुकतोय.
दोन बोटांच्या अंतरावर चार पूर्णांक दोन.
बाबांना विचारलं तर म्हणतील, चाललंय ना, मग हात लावू नकोस.
आर्वोला विचारणार नाही.

खिडकी लावायला उठले तर खाचेत बर्फ धरलेला,
बोटभर फट मिटेचना.
टॉवेल कोंबला आहे.
उद्या हेअर ड्रायर आणून बघते.