थोडी आहे अजून

फेअरवेल नावाच्या धक्क्यावरून आम्ही परत आलो,
कॅपलिन आणि मी, शेवटच्या फेरीबोटीने.
बंदराचं नावच निरोप,
तिथून माणसं रोज घरी परततात
आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.
मागच्या सीटवर तो, भुलीतून अर्धामुर्धा उतरलेला,
गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं.
त्यात त्याचा श्वास घुमत होता,
कानाला शिंपला लावावा तसा.

डॉक्टरणीने कागदावर लिहून दिलं होतं:
तीन दिवस गार शेक, दहा मिनिटं, फडक्यातून.
जिना नाही. उडी नाही. चाटणं तर नाहीच.
पाणी आलं, पू आला, हाताला कढत लागलं तर लगेच फोन.
तुमच्या सांधेदुखीच्या गोळ्या त्याला देऊ नका.
ही शेवटची ओळ दोनदा अधोरेखित.
माझा चेहरा बघून केली असावी.

दुसऱ्या दिवशी पाहते तर
जे काढलं ते परत जागेवर येऊन बसल्यासारखं.
गस ड्वायर कुंपणावरून ओरडला,
"नोरीन, पैसे परत माग! त्यांनी काही नेलेलंच नाही!"
मी हसले नाही.
आत जाऊन, दार लावून हसले.

फ्रीझरमध्ये पार्ट्रिजबेरीची पिशवी होती,
वर लिअँडरच्या अक्षरात तारीख,
तो शेवटचा घरी आला होता त्या सप्टेंबरची.
दोन वर्षं मी ती जॅमसाठी राखून ठेवलेली.
तीच गुंडाळली टॉवेलात,
स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले, गुडघे कुरकुरत,
आणि त्याच्या मांड्यांमध्ये धरली.
आधी तो शहारला. मग त्याने डोकं टाकलं माझ्या पायावर,
नरसाळ्यासकट.

लिअँडर पंधरवड्यातून एकदा फोन करायचा.
थंडी किती, तेल भरलं का, बरं, ठेवतो.
आता रोज, रात्री साडेअकराला,
तिकडे अल्बर्टात आठ वाजलेले,
पाळी संपवून, बूट काढायच्या आधी.
"किती आहे?"
"गलच्या अंड्याएवढी."
"लाल?"
"जांभळट. तुझ्या बाबांच्या अंगठ्यावर
हातोडी बसली होती ना, तसली."
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, "शेड बांधताना.
शिव्या दिल्या आणि खिळा मला धरायला लावला."
चार वर्षांत आम्ही दोघांनी
त्या माणसाचा विषय काढला नव्हता.

चौथ्या दिवशी अंडं लहान झालं.
पाचव्या दिवशी मी त्याला शेड सांगितली,
छप्पर कुठून गळतं तेही.
सहाव्या दिवशी त्याने कॅम्पमधल्या खोलीचं सांगितलं,
खिडकी आहे, पण ती भिंतीकडे उघडते.

सूज म्हणजे शरीराने घातलेला गराडा,
असं डॉक्टरीण फोनवर म्हणाली,
जखमेभोवती सगळे धावत येऊन उभे राहतात,
काम झालं की आपापल्या घरी जातात.
मी म्हटलं, हो, आमच्याकडेही असंच असतं.
मयतीला गाव लोटतं.

आठव्या दिवशी सकाळी काहीच नव्हतं.
टाक्याची कोरडी रेघ,
आणि कातडं सैल, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखं.
मी दोनदा तपासलं, चष्मा लावून.

साडेअकराला फोन वाजला.
"उतरली?"
भांड्यांच्या रॅकवर पाण्याचा थेंब लोंबत होता, पडत नव्हता.
"थोडी आहे अजून," मी म्हटलं.
"किती?"
"एका बेरीएवढी."
"मग शेक चालू ठेव, आई. उद्या करतो."

कॅपलिनने नरसाळ्यातून वर पाहिलं.
मला वाटलं, हा आता खरं सांगणार.
पण त्याला फक्त भूक लागली होती.
मी बिस्कीट दिलं,
आणि पिशवी पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवली,
दहादा वितळून गोठलेली,
जॅमच्या कामातून केव्हाच गेलेली.