मुळात नसलेलं

"हे कंपनीचं नाही," इनास मिस्त्री म्हणाला
आणि कलिंगड पारखावं तसं
डॅशबोर्डच्या काळ्या गादीवर टिचकी मारली.
रेक्झिन पापडासारखं मोडलं.
"अडुसष्टच्या फियाटला पुढे नुसता पत्रा असतो, ताई.
ओरिजिनल हवी म्हणालात ना?"

वागळे इस्टेट, सोळा नंबर रस्ता.
भाऊ गेल्यापासून नऊ वर्षं
गाडी ताडपत्रीखाली होती.
मी म्हटलं, काढा.

सहा स्क्रू. पाच निघाले.
सहाव्याचं डोकं झिजलेलं,
त्याला रात्रभर डिझेल पाजलं.
सकाळी तोही सुटला, तरी गादी हलेना.
खालून सोल्युशन थापलेलं,
भाऊंच्या हाताचं, म्हणजे गरजेच्या तिप्पट.
इनासने घरून बायकोचा हेअर ड्रायर आणला,
कडेकडेने ऊब देत, पातं सरकवत
दुपारी दोनपर्यंत सोलत बसला.
आतला स्पंज भाजक्या रव्यासारखा
सीटवर, पायांवर, माझ्या केसांत.

मग गादी उलटी झाली.

मागची शिवण लाल दोऱ्याची,
मध्येच दोरा संपला म्हणून पुढे निळ्या.
वळणावर चुकलेली, उसवून परत घातलेली,
भोकांच्या दोन रांगा शेजारी शेजारी.
भाऊंना शर्टाचं बटण लावता येत नसे.

चौऱ्याहत्तरचा शिमगा, कोलशेतचं वळण,
आडवी आलेली म्हैस. मी आईच्या मांडीवर.
मला काहीच झालं नाही,
असं मला सांगण्यात आलेलं आहे.
आईला भुवईवर चार टाके पडले.
भाऊंनी घातलेले मी मोजायला लागले,
ऐंशीच्या पुढे चुकले, सोडून दिलं.

"आणि हा पोचा बघा," इनास म्हणाला.
उघड्या पत्र्यावर, डाव्या बाजूला,
मळलेल्या पिठात अंगठा रुतावा एवढा.
भोवतीचा रंग आकाशी, अगदी नवा,
गाडी मुळात आकाशी होती
हे मला त्या दिवशी कळलं.
"ठोकून काढू? पाच मिनिटांचं काम."

आईला फोन लावला.
"फेकून दे ती गादी," आई म्हणाली,
"उन्हात मेल्या उंदरासारखी घाणायची.
बोलले नाही कधी.
तीन रात्री माझं मशीन अडवून बसले होते,
सुया मोडल्या पाच."
मग जरा थांबून: "पोचा किती मोठा आहे?"
मी सांगितलं.
"हं," म्हणाली. "गॅसवर दूध आहे," म्हणाली.
इनास हातोडी घेऊन उभा.
मी त्याला चहा सांगितला.

महिन्याभराने आईला फिरवायला नेलं.
गाडी मीच चालवत होते.
पुढे चकचकीत आकाशी पत्रा, गादी नाही,
आणि पोचा तसाच, वर फक्त लॅकरचा हात.
आईने बघितला की नाही, कळलं नाही.
चष्मा पुसत होती.

कापूरबावडीला सिग्नल पडला.
माझा पाय ब्रेकवर जायच्या आधीच
तिचा डावा तळवा पत्र्याला जाऊन टेकला.
ऊन होतं, पत्रा तापलेला. तिने काढला नाही.
उजवा हात
मांडीवरच्या पर्सभोवती घट्ट.