मेल्लगा

सोलापुरात नुसता वारा, पाणी कुठंय,
असं म्हणणाऱ्यांना बाबा हिप्परग्याच्या तळ्यावर नेतात.
केमिकलवाल्याकडून धुऊन आणलेली चार निळी पिंपं
दगड बांधून सोडलीत काठापासून वीस हातांवर.
ही आमची मरीना.
दोन पिंपांत अंतर नऊ फूट,
बोट सात फूट रुंद.
उरलेले दोन फूट आईचे.

मागच्या मे महिन्यात कोकणात, खाडीच्या तोंडाशी,
सुकाणू बाबांकडे होतं आणि आवाजही.
"दोर टाक! डावा! अगं डावा!"
आईनं उजवा टाकला.
शेजारच्या पांढऱ्या यॉटवर एक म्हातारा चहा पीत होता.
त्यानं कप खाली ठेवला, पाय लांब केला,
आणि दारात शिरलेलं वासरू सारावं
तशी आमची बोट सारली.
चरा पडला. आमच्याच बोटीला.
चौदा तास जीपमध्ये आई गप्प.
मोहोळ आल्यावर म्हणाली,
"पुढच्या वेळी दोर तुम्ही टाका."

बाबा सत्तावीस वर्षं मागावर जॉबर.
धोटा कुठं अडकणार, कधी उडणार,
त्यांना खडखडाटावरून कळतं.
बोट म्हणजे मोठा धोटाच, ते म्हणतात.
आई टॉवेलच्या कडा शिवते. ती म्हणते,
धोट्याला थांबायला पेटी असते,
हिला कोण थांबवणार?
हिचा वेग हिच्या आतच मरू द्यायचा.

रिव्हर्स टाकला की बोटीचं बूड डावीकडे सरकतं,
दरवेळी, न चुकता,
सत्यमदादा कुठल्याही भांडणात
मामाकडे सरकतो तसं.
आई त्याच्याशी भांडत नाही.
ते सरकणं आधीच हिशेबात धरते
आणि त्याच्याच जोरावर आत येते.

अवघड वेळी तिची मराठी संपते.
मराठी तिची बँकेतली, रेशनच्या रांगेतली.
सुकाणूवर हात, ओठ दाताखाली,
"मेल्लगा," ती म्हणते, "मेल्लगा."
बोटीला की बाबांना, कळत नाही.
दोघंही हळू होतात.

आज तुळजापूरच्या बाजूनं वारा होता, तापलेला, तिरका.
पहिल्यांदा पिंप वाजलं, पाणकावळे उडाले.
दुसऱ्यांदा पुन्हा तेच पिंप.
तिसऱ्यांदा ती आत आलीच नाही,
ऐन तोंडाशी वळली, बाहेर गेली.
"काय झालं?"
"जमत नव्हतं. जमत नसलं की जायचं नाही."
इतकं सोपं वाक्य आमच्या घरात
याआधी कुणी बोललेलं मला आठवत नाही.

चौथ्यांदा बाबा पुढं उभे, दोर हातात,
तोंड मिटलेलं, नजर मागं, तिच्या डोळ्यांवर.
तिनं मान हलवली तेव्हाच टाकला.
पिंप हललंसुद्धा नाही.
काठावरच्या म्हशीनं शेपूट उडवलं, बस.

संध्याकाळी ट्रॉलीवरून घरी.
आमचा बोळ साडेसात फुटी.
डोलकाठी आडवी, वर तारा, खाली गेंट्यालांची पायरी.
लोक घड्या केलेल्या चादरी घेऊन बाहेर आले,
भिंतीला लावल्या, पायरीला लावल्या.
बाबा जीपमध्ये मान मागं वळवून,
आई मागं, हात वर.
"डावीकडं?" बाबांनी विचारलं. "कुणाच्या डाव्या?"
"बोटीच्या."
आणि अख्खा बोळ म्हणू लागला, मेल्लगा, मेल्लगा,
दुकानातला मारवाड्याचा पोरगासुद्धा.

रात्री मी बोट हापशाला बांधली.
एक दोर पुढून, एक मागून,
आणि दोन्हींत थोडी ढील ठेवली,
भरतीपुरती.