ठिपक्याकडे बघायचं नाही

हनुवटी इथं ठेवा, लेम्बित. कपाळ या पट्टीला.
पापण्या लवू द्या, फक्त ठिपका येताना नको.

तार्तूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
या खोलीत मात्र आम्ही मुद्दाम काळोख केलेला.

नियम एवढाच:
डावीकडे ठिपका चमकला, तर उजवीकडे बघायचं.
उजवीकडे चमकला, तर डावीकडे.
ठिपक्याकडे बघायचं नाही.

तो हसतो. पट्टी हलते, मला कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो.
"बावीस वर्षं हीउमाच्या फेरीबोटीवर होतो, बाई.
दिवा दिसला रे दिसला की बघायचं,
पगार त्याचाच मिळायचा."

सुरू.
ठिपका. डोळा धावतो थेट त्याच्याकडेच,
हाकेला कुत्रं धावावं तसा,
आणि पोचल्यावर ओशाळतो, वळतो,
जिथं काहीच नाही तिथं जाऊन बसतो.
माझ्या पडद्यावर त्याची एक मोडकी रेघ:
आधी चूक, मग दुरुस्ती.
चुकांना रकाना आहे. दुरुस्तीलाही आहे,
पण तो अजून कुणी मागितलेला नाही.

अठ्ठेचाळीसपैकी एकोणतीस.

गेल्या आठवड्यात यंत्र तपासताना मीच बसले होते,
उर्मासशी भांडून, रात्रभर जागी.
माझे अकरा.
ते मी पुसून टाकले.

विश्रांती. तो पाणी पितो, कागदी पेल्याची कड चावत.
"हे मला येतं," म्हणतो. "इथं जमलं नाही, पण येतं.
डाव्या कानामागून ती बोलते ना, सकाळपासून,
दुकानात, पुलावर,
भावाच्या घरी जेवायला बसलो की हमखास.
मी उजवीकडे बघतो. मीठ मागतो.
दिवसातून शंभरदा तरी.
भावाला वाटतं, मी मीठ फार खातो."

मी पेन उचललं.
अर्जावर "इतर" म्हणून जागा होती, बोटभर.
मीठ, एवढंच लिहिलं,
मग ते कुणाला कळणार, म्हणून खोडलं,
मग खोडलेल्याच्या वर पुन्हा लिहिलं.

दुसऱ्या फेरीत पहिले चार बरोबर आले.
मग दमला.
हनुवटीखालचा कागद मी बदलला, त्याचा कोट दिला.

बाहेर पडताना कॉरिडॉरमधली ट्यूब लुकलुकली.
दोघांनीही वर पाहिलं, त्यानं आधी.
"ही बदलायला सांगा," म्हणाला,
आणि टोपी कानांवर ओढून
नदीच्या बाजूला गेला.