बिनखिशाचे

त्यांच्यात काय चुकतं, मी सांगतो :
खिसा नसतो.
आख्खं शहर वाचवतात, पण घराची किल्ली
कुठे ठेवतात, हे एकाही सिनेमात दाखवत नाहीत.

एकतीस वर्षं भद्रकालीत गॅदरिंगचे ड्रेस भाड्याने देतोय.
डिसेंबर लागला की वाघ, वकील, वासुदेव, आंब्याचं झाड,
आणि अलीकडे हे :
अंगाला घट्ट, चकचकीत, पाठीवर सव्वा मीटर सॅटिन.
शिवायला सोपं नाही, कबूल.
लायक्रा सुईखालून मासळीसारखी निसटते.
पण ज्याने हा नमुना पहिल्यांदा काढला
त्याने सिडकोतल्या शाळेच्या मांडवामागे
सहा वर्षांच्या वीराला
घाईची लागलेली बघितली नसणार.

रविवारी शेवटच्या खेळाला जातो, मी आणि नझीर कटर.
इमारती पापडासारख्या मोडतात.
नझीर म्हणतो, मास्टर, एवढी काच झाडणार कोण?
मी म्हणतो, तो सीन कापला असेल.
चिंध्या आपण तरी कुठे गिऱ्हाइकाला दाखवतो.

मरतात, आणि पुढच्या दिवाळीत परत येतात
नवेकोरे.
इथे माझं भांडण आहे.
उसवून पुन्हा शिवलं
तर जुन्या टाक्यांची भोकं दिसतात.
दिसलीच पाहिजेत.

एकदाच, कुठल्या सिनेमात ते विसरलो,
त्यांच्यातला एकजण मुखवटा काढून मोरीत बसला
आणि फाटलेली बाही शिवू लागला.
थिएटरात शिट्टी नाही, कोणी मोबाइल काढलेला.
मी सावरून बसलो.
उलटा टाका घालत होता. बरोबर घालत होता.
दोरा दाताने तोडला त्याने.
त्या दीड मिनिटासाठी मी त्यांना
बाकीचे अडीच तास माफ केले.

चित्रांची पुस्तकं वेगळी.
नाशिकरोडला आमचं घड्याळ म्हणजे प्रेसचा भोंगा.
तो वाजला की पोपटराव रद्दीवाल्याकडे धावायचं,
चार आणे रोज, मुखपृष्ठ फाटलेलं,
शेवटचं पान हमखास गायब.
एका चौकटीत तो गच्चीच्या कठड्यावर.
पुढच्या चौकटीत ढगात.
मधे बोटभर पांढरी पट्टी.
उडी तिथे होती, आणि ती मी मारायचो.

आम्ही शिंपी त्या पट्टीला माया म्हणतो.
शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड,
पोर वाढलं की उसवून सैल करायला.
सिनेमावाल्यांकडे पैसा आहे, वारा आहे, गडगडाट आहे,
माया सोडत नाहीत.
बघणाऱ्याला आत वाढायला जागा नाही.

तरी खोटं कशाला बोलू.
ज्या साली दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
त्या साली सराफ बाजारातलं माझं गोडाऊन बुडालं.
गाळातून काढलेले सव्वीस झगे
धुऊन घाटाच्या रेलिंगला बांधले.
दुपारी वारा सुटला
आणि सव्वीसच्या सव्वीस उठले,
लाल, निळे, एक जांभळा,
आत कोणीही नसताना.
नझीर हिशेब सोडून बघत राहिला.
मी पण.
नुकसान किती, ते आम्ही दुसऱ्या दिवशी मोजलं.

गेल्या वर्षी खैरनारांची मनवा आली,
दुसरी ब, पुढचा दात पडलेला.
माप घेताना म्हणाली, काका, याला खिसा लावा.
म्हटलं, यांना नसतो गं.
म्हणाली, मग ते रुमाल कुठे ठेवतात?
लावला. उजव्या बाजूला, आतून, अस्तराचा.

ड्रेस परत आला तेव्हा खिशात
अर्धी पेन्सिल, द्राक्षाचा वाळका देठ,
आणि घडी घालून ठेवलेला दात.
दात मी तिच्या आईकडे पोचवला.
बाकीचं तसंच राहू दिलं.
यंदा तोच ड्रेस सातपूरचा एक मुलगा घेऊन गेलाय.
त्याने अजून हात घातलेला नसावा.