हुक्केरीचा मंगळवार

खानापुरात दवाखाना नाही असं नाही.
पण तिथला कंपाउंडर माझ्या आत्याचा दीर,
आणि केसपेपर फाडणारी बाई
माझ्या बायकोबरोबर भिशीत.
म्हणून दोन बस बदलून,
काकती, हत्तरगीचा टोलनाका मागं टाकत,
जिथं मला कुत्रं ओळखत नाही
अशा तालुक्याला आलो.

डॉक्टर फक्त मंगळवारी येते.
दारावरची पाटी कानडीत.
मला वाचता येते तेवढी;
नव्वदीच्या पाकिटावरची अक्षरं लावत लावत
शिकलो मी ती लिपी.

आमच्याकडं पाटी कुठल्या भाषेत, यावरनं
बसच्या काचा फुटल्यात,
थोरला भाऊ हिंडलग्याला चार दिवस आत होता.
गुत्त्यात मात्र सीमा कधी आली नाही.
आम्ही मराठीत मागायचो, तो कानडीत ओतायचा,
उधारीची वही दोघांनाही कळायची.

बाकावर आधीच कुणीतरी.
भर एप्रिलात मफलर.
मी खांद्यांवरनं ओळखलं:
मुतगेकर सर. ड्रिलचे.
ते भिंतीवरच्या डासांच्या पोस्टरकडं बघत म्हणाले,
"कोण आजारी हाय रे, यल्लाप्पा?"
"मेहुणा. आणि सर, तुम्ही?"
"शेजारचा एकजण. त्याच्या गोळ्या न्यायच्यात."
मग बराच वेळ आम्ही दोघं
त्या मेहुण्याची आणि त्या शेजाऱ्याची
वाट बघत बसलो.

मी टर्नर. उद्यमबागेत अकरा वर्षं.
व्हर्नियरवर पॉइंट झिरो टू वाचणारा माणूस.
आता सकाळचा पहिला घोट पोटात गेल्याशिवाय
जॉब चकमध्ये धरत नाही.
परवा एक शाफ्ट काढला.
अगदी मापात.
दुसऱ्याच कुठल्या तरी ड्रॉइंगचा.
फोरमन काही बोलला नाही.
ते जास्त लागलं.

नर्सनं दोघांना एकदमच आत घेतलं,
खुर्च्या दोन होत्या
आणि डॉक्टरला एकची बस गाठायची होती.
"एष्टु वर्ष आयतु?"
सर म्हणाले, रिटायर झाल्यापासनं.
मग म्हणाले, नाही. आधीपासनं.
"कै मुंदे," ती म्हणाली.
आणि मुतगेकर सरांनी,
दर सोमवारी प्रार्थनेनंतर नखं तपासायला
"हात पुढंऽ" म्हणून
अख्खं पटांगण ताठ करणाऱ्या सरांनी,
हात पुढं केले.
मीही केले.
चारही हात
सैल बेअरिंगवरच्या शाफ्टसारखे.
तिनं नखं बघितली नाहीत.

फॉर्मवर सोबतच्या माणसाची सही हवी.
"जोतेगे यारु?"
कुणी नाही.
कुणी असू नये म्हणून तर एवढ्या लांब आलो, बाई.
मी गप्प. सर गप्प.
मग सरांनी माझा कागद ओढला,
खिशातनं लाल पेन काढलं, शाळेचंच असावं,
सही केली, तीन ठिकाणी तुटलेली,
आणि नात्याच्या रकान्यापाशी थांबले.
मला काही सुचलं नाही.
त्यांनी लिहिलं: शेजारी.
त्यांच्या कागदावर मी लिहिलं: मेहुणा.
नर्सनं दोन्ही आडनावं वाचली,
आमच्याकडं एकदा बघितलं,
आणि शिक्का मारला.

सकाळी एक, रात्री दोन. मंगळवारी परत.
"पहिले चार दिवस वाईट जातील.
एकटं राहू नका. भास झाले, झटका आला,
तर थेट बेळगावला, सिव्हिलला."
हे सगळं तिनं मराठीत सांगितलं, चांगल्या मराठीत.
आधी का बोलली नाही, कोण जाणे.
आम्ही तरी कुठं विचारलं होतं.

स्टँडवर जाताना वाटेत ते दुकान.
दुपारचं, उघडं, जाळीमागं बल्ब.
सरांनी मफलर काढून पिशवीत टाकला.
म्हणाले, "तलावाकडनं चल. लांब पडंल."
लांब पडलं.
अडीचची गेली.
पुढची सव्वाचारला.